बंगळूरची जागरणे

इ. स. १९०५ च्या ऑगस्ट महिन्याच्या ५ तारखेस बंगळूर शहराच्या पेठेत विजेचे दिवे प्रथम लागले, आणि त्या दिवसापासून या शहराच्या रात्रीचा इतिहास निराळ्या वाटेने चालू लागला असे मानावयास हरकत नाही. शिवनसमुद्राच्या धबधब्यावर कावेरीच्या पाण्यापासून निर्माण होणारी ही वीज वास्तविक कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी होती. १९०२ साली ती सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारांवरून खाणींपर्यंत पोचविण्यात आली, आणि पुढे तीन वर्षांनी म्हैसूर सरकारच्या तजविजीने तिचा काही अंश बंगळूरच्या वाट्यास आला. तोवर दिवाबत्ती ही घरखर्चातील एक स्वतंत्र बाब असे. तेल जपून जाळावे लागे, आणि दिवेलागणीनंतर दोन-तीन घटका उलटल्या की सामान्य गृहस्थाची रात्र आपोआप मिटत असे. तारेतून आलेल्या प्रकाशाने मनुष्याच्या झोपेची ही नैसर्गिक हद्द पुसली. या शहरातील लोक रात्री का, किती आणि कोणाच्या संगतीने जागत आले, याचा मागोवा घेण्याचे मला अगत्य वाटते, याचे कारण असे की या जागरणांच्या परंपरेतील सर्वांत अलीकडचे जागरण याच शहरातील एका रुग्णालयाच्या दप्तरी व्याधी म्हणून नोंदविले गेले आहे.

विजेपूर्वी जागरणे नव्हती असे मात्र कोणी समजू नये. बंगळूरचा करगा हा उत्सव चैत्र पौर्णिमेच्या रात्री होतो. तिगळरपेठेतील धर्मरायाच्या देवळातून मध्यरात्र उलटल्यावर द्रौपदीचे प्रतीक असलेला फुलांचा उंच मुकुट मस्तकी धारण करून पुजारी बाहेर पडतो, त्याच्या भोवती उपसलेल्या तलवारी घेतलेल्या वीरकुमारांचे कडे असते, आणि मोगऱ्याच्या वासाने कोंदलेल्या पेठेच्या गल्लीबोळांतून ही मिरवणूक तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यालाही भेट देऊन उजाडता उजाडता परत देवळाशी येते. तिगळ समाजाच्या या उत्सवासाठी सारी पेठ रात्रभर डोळे तारवटून जागी असते. कडेवरची मुलेही जागी असतात. आपल्याकडे कोकणात दशावतारी मंडळींचा दहीकाला असाच रात्र खाऊन टाकी. रात्री उशिरा संकासुर रंगणात यावयाचा, मग आख्यान लागावयाचे, आणि पहाटे दहीहंडी फुटली की अंगावरची घोंगडी झटकून लोक शेताच्या वाटेस लागावयाचे. कीर्तन, गोंधळ, देवीचा जागर, कर्नाटकातील यक्षगान, यांपैकी एकही प्रकार असा नाही की ज्यात मनुष्य झोपेचे खोबरे करून घेत नव्हता.

याहून मागे जावयाचे तर बंगळुरात मराठी माणसाला जुना आधार सापडतो. १६३८ नंतर हे शहर आदिलशाहीकडून शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि त्यांच्या येथील दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये यांनी आपल्या राधामाधवविलासचंपूत रेखाटून ठेवले; इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ मध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध केल्यामुळे तो आपल्यापर्यंत पोचला. अनेक भाषांतील कवी आपापल्या रचना घेऊन त्या दरबारी हजर होत. मला यातली महत्त्वाची गोष्ट अशी दिसते की दरबार कितीही रंगला तरी तो बरखास्त करणारे कोणीतरी असे. मिरवणूक देवळात परतते, हंडी फुटते, बुवा आरती म्हणतात, गवई भैरवी घेतो, आणि जमलेल्या शेकडो माणसांना एकाच क्षणी कळते की आता उठावयाचे. प्रेक्षकाने स्वतःच्या इच्छाशक्तीला ताण देऊन उठावे, अशी अपेक्षा यांपैकी कोणत्याच परंपरेने त्याच्याकडून केलेली नाही. आणि वर्षातून एक-दोनदा येणाऱ्या त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सारा गावच पेंगत असल्यामुळे त्या पेंगण्याची लाज कोणाला वाटत नसे.

विसाव्या शतकात केंपेगौडा रस्त्यावर आणि मॅजेस्टिकच्या परिसरात चित्रपटगृहांची दाटी झाली. तेथेही दुसरा खेळ सुटला की दारे उघडत, आणि शेवटची बस चुकू नये म्हणून माणसे धावत सुटत. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

दूरचित्रवाणीचा प्रवेश मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी तिचा आरंभ झाला. पण कर्नाटकाच्या खेड्यांत ती शहरांच्या आधी गेली, आणि ती नेली बंगळुरात मुख्यालय असलेल्या इस्रोने. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यांत विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर या जिल्ह्यांतील खेडी होती, ज्यांपैकी विजापुराकडे मराठी ही कानाला परकी भाषा नव्हे. एका गावाला एक संच, तोही शाळेत किंवा तशाच एखाद्या सार्वजनिक जागी ठेवलेला, त्याची देखरेख करावयास एक माणूस नेमलेला. दिवसाचे एकंदर प्रक्षेपण चार तासांचे, त्यातले दीड तास सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि उरलेले सायंकाळी प्रौढांसाठी. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन हे विषय असत आणि मध्येच थोडी करमणूक. अंगणात मांडी घालून बसलेले लोक शेजाऱ्याशी बोलत ते पाहत, आणि वेळ संपली की संच बंद होई. ज्यांनी ही योजना आखली त्यांच्या दृष्टीने दूरचित्रवाणी हे लोकशिक्षणाचे साधन होते, आणि तिच्यावर वेळेचा बंदोबस्त असणे हे त्यांना इतके साहजिक होते की त्याची चर्चाही कोणी केली नसेल.

पुढे १९८२ साली वसंत साठे हे माहिती व नभोवाणी मंत्री असताना रंगीत प्रक्षेपण आले, आणि याच साठे यांनी मेक्सिकोतील लोकशिक्षणपर मालिकांची पद्धत पाहून तसा प्रयोग येथे करविला. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ‘हम लोग’ ही त्यातून निघालेली मालिका होय. तिच्या प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार पडद्यावर येत, घडलेल्या गोष्टीविषयी दोन शब्द बोलत आणि प्रेक्षकांचा निरोप घेत. घरातील वडीलधाऱ्या माणसाने आजची गोष्ट संपली, आता निजा, असे सांगावे तशी ती व्यवस्था होती. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झाले आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. परंतु तो भाग संपला की पुन्हा सात दिवस वाट पाहावयाची, आणि त्या सात दिवसांत कार्यालयात, नळावर, लोकलमध्ये त्याच कथेचा काथ्याकूट करावयाचा. याच सुमारास बंगळूरचे लाडके नट आणि दिग्दर्शक शंकर नाग, ज्यांची नाट्यकलेची उमेदवारी मुंबईच्या मराठी रंगभूमीवर झाली होती, त्यांनी आर. के. नारायण यांच्या कथांवरून आगुंब्याच्या पावसात ‘मालगुडी डेज’ चित्रित केले. त्यातील स्वामी आठवड्यातून एकदाच भेटे, म्हणूनच तो इतका जवळचा वाटे, असे मला आजही वाटते.

सलग पाहण्याची हौस त्या काळी नव्हती असे नव्हे. ती भाड्याने मिळत असे. व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीच्या भाड्याने आणावयाचा, तीन-चार कॅसेटी घ्यावयाच्या, वर्गणी काढावयाची, आणि चाळीतल्या सर्वांत मोठ्या खोलीत किंवा वाड्याच्या चौकात सतरंज्या अंथरून रात्रभर सिनेमे पाहावयाचे, हा प्रकार पुण्यात होता, सोलापुरात होता, आणि बंगळुरातही होता. तिसऱ्या चित्रपटापर्यंत निम्मी मंडळी जागच्या जागी घोरत असत. कोणी चहा टाकी, कोणी कॅसेट अडकली म्हणून पेन्सिलीने फीत फिरवी. सकाळी यंत्र परत करावयाचे असे, नाहीतर दुसऱ्या दिवसाचे भाडे अंगावर बसे. त्या रात्रीचा शेवट दुकानदाराच्या हिशेबवहीत लिहिलेला होता.

उपग्रहवाहिन्या आल्या आणि प्रक्षेपण चोवीस तासांचे झाले, तरी एका कथेचा एका दिवशी एकच भाग हा दंडक टिकून राहिला. तो मोडला २०१३ साली. त्या वर्षी १ फेब्रुवारीस अमेरिकेत नेटफ्लिक्स कंपनीने ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’ या मालिकेचे तेराही भाग एकाच दिवशी ग्राहकांच्या स्वाधीन केले. एक भाग संपताच काही सेकंदांत पुढचा आपोआप सुरू व्हावा अशी यांत्रिक योजना त्याच्या काही काळ आधीच अमलात आली होती. ६ जानेवारी २०१६ रोजी ही सेवा भारतात आली, त्याच सप्टेंबरात जिओने मोबाइलवरील इंटरनेट जवळजवळ फुकटाच्या भावात आणून सोडले, आणि वर्षअखेरीस ॲमेझॉनची चित्रसेवाही दाखल झाली. बंगळूरची जमीन यासाठी आधीच नांगरलेली होती. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये येथे आली, १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली, आणि पुढील दोन दशकांत अमेरिकेच्या दिवसाबरोबर जागणारी एक संपूर्ण पिढी या शहरात नोकरीस लागली. सांगलीहून, लातुराहून, नांदेडहून आलेला तरुण येथे पीजीच्या खोलीत राहतो. शेजारच्या खाटेवरचा मनुष्य निराळ्या भाषेचा आणि निराळ्या पाळीचा. जेवणाचा डबा दाराशी येतो. आणि रात्री कानात इअरफोन घालून, पांघरुणाच्या आत सहा इंची पडद्यावर तो जे पाहतो ते दुसऱ्या कोणालाही दिसत नाही. भाग संपतो. कोपऱ्यात एक छोटी चौकट येते आणि तिच्यावर सेकंद उतरत जातात. थांबावयाचे असेल तर हात पांघरुणाबाहेर काढून कळ दाबली पाहिजे, पुढे पाहावयाचे असेल तर काहीच करावयास नको. करग्यापासून व्हीसीआरपर्यंतच्या साऱ्या इतिहासात थांबणे आपोआप होते आणि पुढे पाहण्यासाठी खटपट लागत असे. तो क्रम येथे उलटला, आणि थांबण्याचा सारा भार रात्री दोन वाजता थकलेल्या, एकट्या माणसाच्या निश्चयावर येऊन पडला. हे माझे या लेखातील मुख्य म्हणणे आहे.

आता त्या रुग्णालयाविषयी. १८४७ च्या सुमारास डॉ. चार्ल्स आयर्विंग स्मिथ या इंग्रज वैद्याच्या पुढाकाराने बंगळुरात वेड्यांचे एक इस्पितळ सुरू झाले. १९२५ साली त्याचे म्हैसूर सरकारचे मनोरुग्णालय झाले, १९३७ मध्ये ते होसूर रस्त्याकडील प्रशस्त आवारात गेले, आणि १९५४ मध्ये त्याच्या जोडीस अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, जिची धुरा डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी यांच्याकडे होती. १९७४ च्या डिसेंबरात दोन्ही संस्था एक होऊन निमहान्स झाली, आणि २०१२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. या दीर्घ प्रवासातील एक गोष्ट आपल्या विषयाशी निगडित आहे. रुग्णाला कुटुंबापासून तोडून कोंडून ठेवावयाचे ही एकोणिसाव्या शतकाची रीत होती. अमृतसरच्या रुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णासह राहू दिले, आणि त्यातून जो विचार रुजला तो बंगळुरात कुटुंबासह उपचार करणाऱ्या विभागाच्या रूपाने स्थिरावला. एकाकीपण हाच मनाच्या दुखण्याचा एक आश्रय आहे, हे येथील वैद्यांना मोबाइल येण्याच्या पुष्कळ आधी उमगले होते.

२०१४ साली निमहान्समध्ये डॉ. मनोजकुमार शर्मा यांच्या नेतृत्वाखाली ‘शट क्लिनिक’ सुरू झाले. सर्व्हिस फॉर हेल्दी यूज ऑफ टेक्नॉलॉजी असे त्याचे पूर्ण नाव, आणि या प्रकारचे ते देशातील पहिलेच. प्रारंभी तेथे संगणकीय खेळांत आणि समाजमाध्यमांत गुरफटलेली मुले येत. मग २०१८ च्या ऑक्टोबरात वर्तमानपत्रांत एक बातमी आली: एका २६ वर्षांच्या बेकार तरुणास, जो सहा महिन्यांहून अधिक काळ दिवसाकाठी सात-सात तास नेटफ्लिक्सवरील मालिका पाहत होता, या क्लिनिकमध्ये उपचारांसाठी आणण्यात आले आहे. या कारणास्तव उपचारांस आलेला देशातील हा पहिलाच रुग्ण म्हणून त्याची वार्ता जगभर गेली. घरच्यांनी नोकरीचा तगादा लावला की, किंवा बरोबरीचे मित्र पुढे गेलेले दिसले की, तो पडद्याकडे वळे; तेथे त्याला आपल्या विवंचनांचा विसर पडे. डोळ्यांवर ताण, शिणवटा आणि विस्कळीत झोप ही त्याची लक्षणे होती. सात तासांच्या आकड्यावर लोकांनी बोटे ठेवली, पण मला त्याहून बोलका वाटतो तो तगादा. घरच्यांनी विचारावे आणि त्याने दार लावून घ्यावे, असे ते रहाटगाडगे होते. पाहण्यामुळे वेळ जाई, वेळ गेल्याने नोकरी दुरावे, नोकरी दुरावल्याने तगादा वाढे, आणि तगाद्यापासून पळावयास पुन्हा तोच पडदा.

या संदर्भात शास्त्र जे सांगते ते नेमके समजून घेतले पाहिजे, कारण भयाची भाषा या विषयात फार लवकर शिरते. लिझ एक्सेलमन्स आणि यान फान डेन बुल्क या दोन संशोधकांनी १८ ते २५ वयाच्या ४२३ तरुणांची पाहणी करून २०१७ मध्ये असे दाखविले की एका बैठकीत अनेक भाग पाहणाऱ्यांची झोप अधिक वाईट असते, त्यांना थकवा आणि निद्रानाश अधिक जाणवतो. आणि त्याचे कारण त्यांना मनाच्या उत्तेजित अवस्थेत सापडले. कथा संपत नाही, ती दिवा मालवल्यावरही डोक्यात चालूच राहते. पात्रे बोलत राहतात, पुढे काय होणार याचे तर्क चालतात, आणि शरीर अंथरुणावर असूनही चित्त रंगभूमीवरून उतरत नाही. टेक्सास विद्यापीठातील १८ ते २९ वयाच्या ३१६ जणांच्या पाहणीत, जी २०१५ मध्ये पुढे आली, एकटेपणा आणि खिन्नता जितकी अधिक तितके सलग पाहणे अधिक, असा संबंध आढळला. परंतु खिन्नतेने पाहणे वाढते की पाहण्याने खिन्नता, हे अशा पाहणीवरून ठरत नाही, आणि प्रामाणिक वैद्य तसा दावा करीतही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या रोगसूचीत संगणकीय खेळांच्या व्यसनास स्थान मिळाले, मालिका पाहण्यास नाही. तेव्हा प्रत्येक रसिकाला रोगी ठरविणे हा अन्याय होईल. एखादी उत्तम मालिका रविवारी सकुटुंब दिवसभर पाहणाऱ्याचे काही बिघडत नाही. बिघडते कोठे हे ओळखावयास बंगळूरच्या क्लिनिकमध्ये काही प्रश्न ठरलेले आहेत: पाहण्याची तीव्र ओढ लागते काय, त्यावरचा ताबा सुटला आहे काय, नको असतानाही पाहावेच लागते काय, दुःख टाळण्याचा तोच एक उपाय झाला आहे काय, आणि अभ्यास, नोकरी, झोप, नातीगोती यांवर त्याचे परिणाम दिसू लागले आहेत काय.

२०१७ मध्ये नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी आपल्या कंपनीची स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे असे उघडपणे सांगितले, आणि त्यात आपण जिंकत आहोत असेही म्हटले. माझ्या मते हे विधान या विषयाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे साधन म्हणून जपून ठेवले पाहिजे. तेल विकणाऱ्या वाण्याने, तिकीट विकणाऱ्या थिएटरवाल्याने किंवा व्हीसीआर भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या झोपेवर हक्क सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची योजना बंद करण्याची सोय ग्राहकाच्या खात्यात आता आहे, हे खरे. पण ती प्रारंभीच बंद असावी, आणि ज्याला हवी त्याने ती चालू करावी, असा दंडक सरकारने घालावयास हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शट क्लिनिकची उपचारपद्धती यामुळेच मला विचारार्ह वाटते. दारू पूर्णतः सोडता येते, पडदा सोडता येत नाही, कारण नोकरी, बँक, शाळा, सारेच आता त्यावर आहे. म्हणून तेथे वर्ज्य करण्याचा उपदेश न करता वापराला मर्यादा घालावयास शिकवितात. झोपेची वेळ ठरविणे, मोबाइल निजण्याच्या खोलीबाहेर ठेवणे, खेळ आणि चालणे यांचा परिपाठ घालणे, घरच्यांनी रागावण्याऐवजी सोबत बसणे, अशा साध्या गोष्टींपासून आरंभ होतो. त्या २६ वर्षांच्या तरुणास शरीर व मन सैल सोडण्याचे व्यायाम शिकविले गेले, समुपदेशन झाले, आणि त्याबरोबरच नोकरी-व्यवसायाविषयी मार्गदर्शनही देण्यात आले. मूळ दुखणे बेकारीच्या लाजेत होते हे ज्या वैद्याने ओळखले, त्याने पडद्याइतकेच लक्ष त्या लाजेकडे दिले.

१० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा सुरू झाली असून तिच्या मार्गदर्शनाची मुख्य जबाबदारी निमहान्सकडे आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. ती चोवीस तास चालते, तिला पैसे पडत नाहीत, आणि मराठीतही बोलता येते. बंगळुरात पाळी संपवून पहाटे तीन वाजता खोलीवर आलेल्या आणि झोप न येणाऱ्या मराठी मुलांनी तो क्रमांक आपल्यापाशी लिहून ठेवावा.